रँडम जन्मतारीख, कधीतरीच फेल होणारी टेस्ट आणि १९४२ चं घड्याळ

पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत रँडम तारीख कशी काढायची असं कुणी विचारलं तर दोन मिनिटांत उत्तर मिळतं, ते चिकटवायचं आणि पुढे जायचं. या प्रकरणातही तेच झालं होतं, आणि तिथून निघालेला धागा दुसऱ्या महायुद्धातल्या घड्याळापर्यंत जाऊन पोचला. सविस्तर लिहितोय कारण असा कोड आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चालू असणार असं मला वाटतं, आणि ज्यांना त्याचा त्रास होतो ती माणसं आज ऐंशीच्या आसपासची आहेत, ती काही बग रिपोर्ट करायला येणार नाहीत.

महाराष्ट्रातली एक सहकारी पतसंस्था आहे, नाव देत नाही. तिचं ठेवींचं सॉफ्टवेअर एक छोटी टीम सांभाळते, आणि २०२४ मध्ये टेस्टिंग नीट लावून द्यायला मला बाहेरून बोलावलं होतं. संस्थेचा नियम असा की सभासदाला ६० पूर्ण झाली की ठेवीवर थोडा जास्त दर, आणि ८० पूर्ण झाली की आणखी थोडा जास्त. म्हणजे जन्मतारखेवरून वय, वयावरून दर. तारीख एका दिवसाने जरी हलली तरी कुणाचा तरी दर चुकतो.

यासाठी एक टेस्ट होती, साधीच. रँडम जन्मतारखेचा एक खोटा सभासद तयार करायचा, फॉर्मच्या सर्व्हिसमधून सेव्ह करायचा, मग रिपोर्टच्या सर्व्हिसकडून त्याची जन्मतारीख, वय आणि दर मागवायचे आणि जुळतंय का बघायचं. ही टेस्ट बहुतेक वेळा पास व्हायची आणि कधीतरी, काही कारण न दिसता, फेल व्हायची. परत चालवली की पास. मग सीआयमध्ये, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सिस्टिममध्ये, सेटिंग केलं होतं की फेल झाली तर आपोआप एकदा पुन्हा चालव, आणि वर कॉमेंट लिहिली होती, "फ्लेकी आहे, डेटाबेस स्लो असतो कधीकधी".

डेटाबेस स्लो नव्हता.

आधी जनरेटर

तारीख बनवणारा जुना कोड असा होता: वर्ष १९६० ते २००० मधलं रँडम, महिना १ ते १२ रँडम, दिवस १ ते २८ रँडम. २८ का, तर ३१ घेतला की कधीतरी ३१ फेब्रुवारी किंवा ३१ एप्रिल येतो आणि पायथॉन व्हॅल्यूएरर देतं, "या महिन्यात हा दिवस नाही" म्हणून. त्यावरचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे २८ वर थांबणं. हा उपाय मी इतक्या कोडमध्ये पाहिलाय की आता नजर आधी तिथेच जाते. यात साध्या वर्षातल्या २९ तारखा, लीप वर्षातल्या ३०, कधीच येत नाहीत. आणि त्या कुठल्या, तर नेमक्या महिनाअखेरच्या, ३० जून, ३१ मार्च, ३१ डिसेंबर, २९ फेब्रुवारी, म्हणजे ज्या तारखांना हिशोबाचा कोड मोडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते त्याच.

दुसरी गोष्ट, महिना आधी निवडला आणि मग त्या महिन्यातला दिवस निवडला (२८ पर्यंत नाही, खरोखर महिन्यात जितके दिवस तितके घेऊन), तरी सगळ्या तारखांना सारखी संधी मिळत नाही. फेब्रुवारीला जानेवारीइतकीच संधी, पण ती २८ दिवसांत वाटली जाणार, म्हणून फेब्रुवारीची एकेक तारीख जानेवारीच्या तारखेपेक्षा जवळजवळ ११ टक्के जास्त वेळा येते. टेस्टसाठी याने आभाळ कोसळत नाही, पण याच डेटावरून पुढे कुणी महिनावार आकडे काढले तर ते चुकणार.

टीममधल्या एका ज्युनिअर मुलीने हे बदललं होतं, माझ्या येण्याच्या आधी, आणि तिने जे केलं ते मला मनापासून आवडलं. पायथॉनमध्ये प्रत्येक तारखेला एक क्रमांक असतो, इसवी सन १ च्या १ जानेवारीला १, दुसऱ्या दिवशी २, असं आजपर्यंत. "टूऑर्डिनल" तारखेचा क्रमांक देतं, "फ्रॉमऑर्डिनल" क्रमांकाची तारीख देतं. मग सुरुवातीच्या तारखेचा क्रमांक घ्या, शेवटच्या तारखेचा घ्या, दोन्हींच्या मधला एक रँडम आकडा काढा आणि त्याची परत तारीख करा. महिने, लीप वर्ष, ३१ आहे की ३०, कसलाच विचार करावा लागत नाही, प्रत्येक दिवसाला बरोब्बर सारखी संधी, आणि चुकीची तारीख बनूच शकत नाही. एवढंच लक्षात ठेवायचं की "रँडइंट" दोन्ही टोकं धरून आकडा देतं आणि "रँडरेंज" शेवटचा आकडा सोडतं, त्यामुळे दुसरं वापरलं तर शेवटची तारीख कधीच येणार नाही.

तिने रेंजही वाढवली. ८० वर्षांचा नियम आला होता आणि जुनी रेंज १९६० पासून, म्हणजे ऐंशीचा माणूस त्या टेस्टमध्ये कधी बनतच नव्हता! नवीन रेंज वय १८ ते १००, म्हणजे साधारण १९२४ ते २००६. आणि टेस्ट फेल व्हायला लागली ती इथून.

टीम लीडचं म्हणणं सरळ होतं, "जुना कोड वर्षानुवर्षं चालला, नवीन टाकला आणि गडबड सुरू झाली, मग परत जुना टाका ना." हे म्हणणं समजण्यासारखं आहे, रिलीज तोंडावर असताना कुणीही तेच म्हणेल. पण मला ते पटलं नाही. जुना जनरेटर काही सापडू नये अशाच जागी शोधत होता. नवीन जनरेटर ज्या तारखा देत होता त्या सगळ्या खऱ्या होत्या, कॅलेंडरवर होत्या, त्या दिवशी जन्मलेली माणसं संस्थेची सभासद होती. टेस्टने फेल होऊन आपल्याला काहीतरी सांगितलंय आणि आपण ते दोनदा चालवून पुसून टाकतोय, असं मी त्यांना म्हटलं.

कुठली तारीख फेल होते तेच माहीत नव्हतं

टेस्टमध्ये तुलना करून निकाल फक्त खरं किंवा खोटं असा तपासला होता, त्यामुळे फेल झाली तरी लॉगमध्ये एवढंच यायचं की "खोटं आलं". कुठल्या जन्मतारखेला आलं ते कुठेच नाही. रँडम डेटा वापरायचा आणि तो लिहून ठेवायचा नाही, याच्याइतका वेळ खाणारा प्रकार दुसरा नसेल.

पहिलं काम सीडचं केलं. पायथॉनचं रँडम मॉड्यूल मर्सेन ट्विस्टर नावाची पद्धत वापरतं, मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९० च्या दशकात काढलेली, आणि तिला सुरुवातीला एक सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, दिला की त्यापुढचे सगळे आकडे ठरलेले असतात, तोच सीड दिला की तेच आकडे त्याच क्रमाने. (म्हणूनच पासवर्ड किंवा ओटीपीसाठी हे वापरायचं नसतं, त्याला "सीक्रेट्स" मॉड्यूल आहे.) तर टेस्टच्या सुरुवातीला एक सीड काढायचा, लॉगमध्ये छापायचा, आणि त्या सीडने एक स्वतंत्र रँडम ऑब्जेक्ट बनवून फक्त त्याच्यातूनच तारखा घ्यायच्या. स्वतंत्र यासाठी की सगळ्यांसाठी एकच ग्लोबल रँडम असला तर दुसऱ्या कुठल्या टेस्टने मधेच एक आकडा उचलला तरी आपला पुढचा क्रम बदलतो.

इथे एक खाचखळगा होता जो पटकन दिसत नाही. रेंज "आजपासून १८ वर्षं मागे, १०० वर्षं मागे" अशी काढली होती. म्हणजे सोमवारी एका सीडने फेल झाली, मंगळवारी तोच सीड देऊन चालवली, तर रेंजच एक दिवस पुढे सरकलेली आणि तारीखही. बहुतेक वेळा फरक एका दिवसाचा, पण रेंजच्या कडेला तेवढा फरक पुरतो आणि बग गायब होतो. त्यामुळे "आज" सुद्धा बाहेरून द्यायचा, सीडबरोबर तोही छापायचा. कोडमध्ये खोलवर कुठेतरी "डेट टुडे" बोलावलं असेल तर ती टेस्ट परत जशीच्या तशी चालवता येत नाही, सीड असो वा नसो.

मग लॉगमध्ये तारखा दिसायला लागल्या. १९४३. १९४४. परत १९४३. १९४२ चा नोव्हेंबर. एकही १९५० नंतरची नाही, एकही १९३० च्या आसपासची नाही.

इतकं दिसल्यावर रँडमची गरजच उरली नाही, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय. ८२ वर्षं म्हणजे जेमतेम ३०,००० दिवस. डेटाबेस बाजूला ठेवून फक्त दोन्ही सर्व्हिसमधला तारीख बदलणारा भाग घेतला तर ३०,००० वेळा तो चालवायला कॉम्प्युटरला काहीच वेळ लागत नाही. रँडम कशाला, सगळ्याच तारखा एकामागे एक चालवा. चालवल्या. फेल होणाऱ्या १,३६४ तारखा निघाल्या आणि त्या विखुरलेल्या नव्हत्या, दोन सलग पट्टे होते: २ ऑक्टोबर १९४१ ते १४ मे १९४२, आणि २ सप्टेंबर १९४२ ते १४ ऑक्टोबर १९४५.

३०,००० मधल्या १,३६४ म्हणजे साधारण साडेचार टक्के, दर २२ वेळांत एकदा. आणि आपोआप पुन्हा चालवायचं सेटिंग असल्यामुळे दोन्ही वेळा फेल होण्याची शक्यता ४८० मध्ये एक. "फ्लेकी" वाटायला यापेक्षा जास्त काय लागतं.

घड्याळ

आता हे पट्टे कसले. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, हे आपल्याला माहीत असतं. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घड्याळं एक तास पुढे केली होती, ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे. जवळजवळ सगळं जग जो टाइमझोन डेटाबेस वापरतं, लिनक्समध्ये, अँड्रॉइडमध्ये, पायथॉनच्या "झोनइन्फो"मध्ये, त्यात "एशिया/कोलकाता" या नावाखाली हे सगळं नोंदवलेलं आहे: १ ऑक्टोबर १९४१ ते १५ मे १९४२ साडेसहा, मग साडेतीन महिने परत साडेपाच, मग १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ परत साडेसहा, आणि तिथून आजपर्यंत साडेपाच.

(मुंबईची गोष्ट अजून वेगळी, तिथे बॉम्बे टाइम नावाची स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि ती १९५५ पर्यंत काही ठिकाणी टिकून होती. डेटाबेसमध्ये मुंबईचा वेगळा झोन नाहीच, कारण १९७० नंतर ज्या जागांची घड्याळं वेगळी चालली त्यांनाच वेगळं नाव द्यायचं असा त्यांचा नियम आहे. त्यामुळे १९४३ मध्ये गिरगावात जन्मलेल्या बाळाची वेळ कुठल्या घड्याळाची हे कॉम्प्युटरला विचारून उपयोग नाही.)

सॉफ्टवेअरमध्ये झालं असं की फॉर्मची सर्व्हिस जन्मतारीख घ्यायची, तिला मध्यरात्र जोडायची, "एशिया/कोलकाता" झोन लावायची, यूटीसीमध्ये, म्हणजे ग्रीनिचच्या प्रमाण वेळेत, बदलायची आणि टाइमस्टॅम्प (तारीख आणि वेळ मिळून एक क्षण) म्हणून डेटाबेसात ठेवायची. रिपोर्टची सर्व्हिस दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या वेळी लिहिलेली, तिने झोनइन्फो वापरलं नव्हतं, भारत म्हणजे साडेपाच तास हे धरून यूटीसीमध्ये सरळ साडेपाच तास मिळवले होते. आता १० मे १९७० घ्या. मध्यरात्रीतून साडेपाच तास वजा, ९ मेचे संध्याकाळचे साडेसहा, परत साडेपाच मिळवले, १० मे. ठीक. तेच १० मे १९४३ घ्या. मध्यरात्रीतून साडेसहा वजा, ९ मेचे संध्याकाळचे साडेपाच. त्यात साडेपाच मिळवले की ९ मे, रात्रीचे अकरा. तारीख काय, तर ९ मे. माणूस एक दिवस आधी जन्मला.

दोन्ही सर्व्हिसचा कोड वेगवेगळा वाचला तर दोन्ही बरोबर वाटतात, फॉर्मवाली तर जास्तच काळजीपूर्वक लिहिलेली आहे. बग दोघींच्या मध्ये आहे, म्हणून कोड रिव्ह्यूमध्ये तो कुणाला दिसला नाही, आणि हाताने निवडलेल्या तारखांनीही सापडला नसता. हे दुसरं का म्हणतो ते सांगतो. आपल्याकडे त्या पिढीतल्या कितीतरी लोकांची कागदावरची जन्मतारीख १ जून असते, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली, कारण शाळा जूनमध्ये सुरू होते आणि घरी खरी तारीख कुणाला माहीत नसायची. आपला टेस्टर हाताने तारीख निवडेल तर १ जून निवडण्याची शक्यता बरीच. समजा त्याने १ जून १९४२ निवडली, तर ती नेमकी त्या साडेतीन महिन्यांत पडते जेव्हा घड्याळ साडेपाचवर होतं. टेस्ट पास. १ जून १९४३, ४४ आणि ४५ या तिन्ही फेल. एका वर्षाचा फरक आणि सगळं हिरवं दिसलं असतं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे, सगळ्या दिवसांना सारखी संधी देणारा जनरेटर खऱ्या सभासदांसारखा डेटा देत नाही. खऱ्या यादीत १ जूनचा डोंगर असतो. त्यामुळे टक्केवारी काढून "फक्त साडेचार टक्के लोकांना त्रास" असं म्हणणं चूक ठरलं असतं, संस्थेत ऐंशीच्या आसपासचे सभासद किती आणि त्यातले १ जूनवाले किती हे वेगळंच गणित आहे. आणि वेळ बघा, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ मध्ये जन्मलेल्यांना ८० पूर्ण होणार सप्टेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. ज्या नियमासाठी ही टेस्ट लिहिली तो नियम ज्यांना आत्ता लागू होत होता, नेमकी त्यांचीच तारीख सरकत होती.

एक दिवसाने काय होतं, असं मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलंच. दराचं सोडा, केवायसी घ्या. दाखल्यावर १ जून, सिस्टिममध्ये ३१ मे. काउंटरवरची व्यक्ती म्हणते, "आजोबा, तुमची तारीख जुळत नाही, दुसरा पुरावा आणा", आणि ते आजोबा रिक्षा करून घरी जाऊन परत येतात. त्यांची काहीच चूक नाही, काउंटरवरच्या माणसाचीही नाही.

आणि खरं तर ते एक दिवसावर थांबत नव्हतं. सभासदाचा फोन नंबर बदलायचा असला तरी स्क्रीनवर आधीची माहिती रिपोर्टच्या सर्व्हिसकडून यायची आणि सेव्ह फॉर्मच्या सर्व्हिसमधून व्हायची. स्क्रीनवर ९ मे दिसली, कुणी न बघता सेव्ह केलं, आता डेटाबेसात ९ मेची मध्यरात्र गेली आणि पुढच्या वेळी दिसणार ८ मे. दर सेव्हला एक दिवस मागे. हे कळलं तेव्हा खोलीतली चर्चा थांबली आणि लीडने स्वतः रिलीज पुढे ढकलला, तो निर्णय त्याने पाच मिनिटांत घेतला याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

दुरुस्ती

मुळातली गोष्ट ही की जन्मतारीख हा क्षण नाही. तिला तास नाही, मिनिट नाही, झोन नाही, ती कॅलेंडरवरची एक चौकट आहे. तिला मध्यरात्र जोडून टाइमस्टॅम्प केला की आपण तिच्यात नसलेली माहिती घुसवतो आणि मग ती सांभाळत बसावं लागतं. म्हणून पहिला बदल, डेटाबेसातला तो कॉलम साधा "डेट" केला, पायथॉनमध्येही "डेटटाइम" नाही तर "डेट", आणि दोन सर्व्हिसमध्ये पाठवताना वर्ष-महिना-दिवस असा मजकूर. झोनचं नावच नाही.

कुणीतरी मधे सुचवलं होतं की दोन्हीकडे जुनी "पायटीझेड" लायब्ररी लावू. ती नीट वापरली तर चालते, पण तिचा झोन थेट डेटटाइमला चिकटवला तर भारतासाठी साडेपाचऐवजी ५ तास ५३ मिनिटं लागतात, कारण यादीतली पहिली नोंद कोलकात्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या स्थानिक वेळेची आहे आणि ती तीच उचलते. तिथे "लोकलाइझ" वापरावं लागतं. पायथॉन ३.९ पासून झोनइन्फो सोबतच येतं, नव्या कोडमध्ये तेच घ्या, फक्त विंडोजवर "टीझेडडेटा" हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

जुना डेटा कसा सोडवला ते मला या प्रकरणातलं सगळ्यात समाधानाचं वाटतं. डेटाबेसात दोन प्रकारचे टाइमस्टॅम्प होते, काही फॉर्ममधून आलेले, म्हणजे युद्धकाळासाठी साडेसहा वजा केलेले, आणि काही आधीच्या सिस्टिममधून आणताना सरसकट साडेपाच वजा केलेले. कुठला कुठला हे ओळखायचं कसं? ओळखायची गरजच नव्हती. दोन्ही झोनइन्फोने परत वाचायचे आणि फक्त तारीख घ्यायची. साडेसहा वजा केलेला असेल तर साडेसहा मिळवून मध्यरात्र येते, तारीख बरोबर. साडेपाच वजा केलेला असेल तर साडेसहा मिळवून रात्रीचा एक येतो, तारीख तरीही तीच. पट्ट्यांच्या कडेच्या तारखाही मुद्दाम तपासल्या, १ सप्टेंबर १९४२ ची मध्यरात्र तर अस्तित्वातच नव्हती कारण घड्याळ बाराला थेट एकवर गेलं, पण तारीख तिथेही बरोबर निघते.

याने सुटले नाहीत ते एकच, पुन्हा सेव्ह होऊन मागे गेलेले. तिथे बदलांची नोंद कामाला आली, प्रत्येक सेव्हच्या आधीची आणि नंतरची किंमत त्यात होती, तर जन्मतारखेच्या पट्ट्यातले सगळे सभासद काढून त्यांची पहिली नोंद धरली.

वेळेचा जनरेटर

त्याच कोडमध्ये रँडम वेळ काढणारं फंक्शनही होतं, ठेवीच्या व्यवहारांसाठी, आणि तारखांचं निघाल्यावर तेही उघडून बघितलं. आर्थिक वर्षाची सुरुवात १ एप्रिल, शेवट ३१ मार्चला रात्री ११:५९:५९, दोन्हींची वजाबाकी करून जितके सेकंद तितक्यातला रँडम सेकंद. कल्पना बरोबर. पण वजाबाकीतून जो "टाइमडेल्टा" येतो त्याचं "सेकंड्स" म्हणजे एकूण सेकंद नाहीत, दिवस बाजूला काढून उरलेले सेकंद. एकूणसाठी "टोटल सेकंड्स" लागतं. इथे उरलेले सेकंद ८६,३९९, म्हणजे एका दिवसाला फक्त एक सेकंद कमी, आणि टेस्टमधला एकूण एक व्यवहार १ एप्रिललाच होत होता. यादीत वेळा रँडम दिसायच्या, १०:१७, ०३:४२, २१:०५, डोळ्याला सगळं छान, तारखेच्या कॉलमकडे कुणी बघितलं नव्हतं. व्याजाच्या कोडमधला महिनाअखेर ओलांडतानाचा भाग या डेटाने एकदाही चालला नव्हता.

व्यवहाराची वेळ मात्र जन्मतारखेसारखी नाही, तो खराखुरा क्षण आहे, तो यूटीसीमध्ये झोनसकट ठेवायचा. फक्त दिवस काढताना आधी भारतीय वेळेत आणायचा, नाहीतर १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचच्या आधीचा प्रत्येक ऑनलाइन व्यवहार मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो. म्हणून वेळांचा जनरेटर शाखेच्या दहा ते पाच या वेळेत अडकवायचा नाही असं ठरवलं, पहाटेचे तास मुद्दाम येऊ द्यायचे. परदेशात राहणारे सभासद असतील तर अजून एक थर येतो, न्यू जर्सीत १० मार्च २०२४ ला रात्री दोन ते तीन हा तास नव्हताच, आणि ३ नोव्हेंबर २०२४ ला एक ते दोन हा तास दोनदा आला. स्थानिक वेळ रँडम काढली की अशा नसलेल्या वेळा बनतात. यूटीसीमध्ये रँडम क्षण काढून मग तिथल्या वेळेत बदलला तर बनत नाहीत.

आता टेस्टमध्ये जे आहे ते असं: क्रमांकावरून तारीख काढणारा जनरेटर, सीड आणि "आज" दोन्ही लॉगमध्ये, आपोआप पुन्हा चालवायचं सेटिंग काढून टाकलेलं, आणि रँडमच्या जोडीला हाताने लिहिलेली एक यादी जी दरवेळी चालतेच. ती यादी लागते, कारण रँडमवर सगळं सोडलं तर २९ फेब्रुवारी १,४६१ दिवसांत एकदाच येते, हजार तारखा काढल्या तरी त्यात ती एकदाही नसण्याची शक्यता निम्मी आहे. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारीचा, १८९६ चा, म्हणजे असे लोक असतातच. यादीत २९ फेब्रुवारी १९४४ आहे, जी लीपही आहे आणि युद्धकाळातलीही, १ जून १९४२ ते १९४५ चारही आहेत, घड्याळ बदलल्याच्या चार तारखा आणि त्यांच्या आदल्या-पुढच्या आहेत, आणि आज ज्यांना ६० किंवा ८० पूर्ण होतात, काल झाले, उद्या होणार, ते आहेत. जनरेटर लिहिणाऱ्या त्या मुलीने नंतर "हायपोथिसिस" लायब्ररीही लावली, ती तारखा स्वतः शोधते आणि एखादी फेल झाली की तिला १ जानेवारी २००० च्या दिशेने सोपी करत आणते, त्यामुळे समोर येणारं उदाहरण वाचायला सोपं असतं.

बदलांची नोंद सुरू होण्याच्या आधीचे काही सभासद अजून राहिलेत, त्यांची तारीख सिस्टिमवरून ठरवता येत नाही. संस्थेने त्यांच्या फाइलमधला शाळा सोडल्याचा दाखला किंवा ओळखपत्र काढून एकेक तपासायचं ठरवलंय, आणि त्यासाठी सभासदांना शाखेत बोलवायचं नाही, असंही ठरलंय.